कोंड्यातले सत्त्व

कोकणात आणि गोमंतकात तांदळाचे दोन मुख्य भेद मानले जातात. एक सुरय आणि दुसरा उकडा. शेतातून आलेले भात उन्हात वाळवून तसेच भरडले व सडले, की जो तांदूळ निघतो तो सुरय. उकड्याची रीत निराळी. त्यासाठी भात प्रथम पाण्यात भिजत घालावयाचे, मग तुसासकट उकडावयाचे, पुन्हा वाळवावयाचे आणि त्यानंतर कांडावयाचे. सुरय तांदूळ पांढरा, नाजूक, सणासुदीचा व नैवेद्याचा. उकडा तांबूस, जाडसर, काहीसा उग्र वासाचा. तो रोजच्या पेजेचा आणि कष्टकऱ्याच्या ताटातला. हाच भेद तमिळ व मलयाळी घरांतून आढळतो; बंगालमध्ये 'आतप' आणि 'सिद्ध' या नावांनी तो ओळखला जातो. देवकार्याला कच्चा तांदूळ आणि पोटाला उकडलेला, अशी वाटणी या देशात अनेक ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. ज्या घरी रोज उकडा शिजतो, तेथेही पाहुण्याच्या पानात मात्र पांढरा भात वाढावा असे गृहिणीला वाटते.

वरवर पाहता हा सारा रुचीचा, प्रतिष्ठेचा व प्रांतोप्रांतीच्या सवयीचा प्रश्न आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आशिया खंडातील लक्षावधी माणसांच्या बाबतीत, तांदूळ पांढरा की तांबूस, या गोष्टीवर त्यांचे जगणे-मरणे अवलंबून राहिले. तो इतिहास वैद्यकाचा आहे तितकाच स्वयंपाकघराचाही आहे.

भाताचा दाणा उकलून पाहिला, तर सर्वांत वर तुसाचे कठीण आवरण दिसते. ते माणसाला खाता येत नाही. त्याखाली तांबूस रंगाची पातळ साल असते आणि दाण्याच्या एका टोकाला अंकुर असतो. या दोहोंच्या आत जो पांढरा, घट्ट भाग, तो बहुतांशी पिठूळ पदार्थाचा म्हणजे स्टार्चचा. साल आणि अंकुर यांचे वजन साऱ्या तांदळाच्या दशांशाच्या आसपास भरेल. पण ज्याला आज आपण 'ब-१' जीवनसत्त्व किंवा थायमिन म्हणतो, त्याचा बराच मोठा साठा तेवढ्याच भागात असतो. पिठूळ अन्नापासून शरीराला शक्ती मिळावी, मज्जातंतूंचे व हृदयाचे काम नीट चालावे, यासाठी ते आवश्यक असते. शरीर ते फार काळ साठवून ठेवू शकत नाही. अन्नातून त्याचा पुरवठा थांबला, तर थोड्याच आठवड्यांत त्याची उणीव जाणवू लागते. शिवाय भात जितका अधिक खावा, तितकी त्याची गरज वाढते. म्हणजे ज्याच्या ताटात भाताखेरीज फारसे काही नाही, त्यालाच या सत्त्वाची निकड सर्वांत जास्त.

उखळात मुसळाने सडलेल्या तांदळावरची साल पूर्णपणे जात नसे. घराघरांतून बायका पहाटे उठून चार दिवसांपुरते भात कांडीत, सुपाने पाखडीत, कोंडा गुरांना घालीत आणि उरलेला, थोडी साल अंगावर बाळगणारा तांदूळ चुलीवर चढवीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगून, बँकॉक व सायगाव या बंदरांतून वाफेवर चालणाऱ्या भाताच्या गिरण्या उभ्या राहिल्या. या गिरण्यांनी सालीचा अखेरचा कणही घासून काढला आणि काचेसारखा चकचकीत, शुभ्र तांदूळ बाजारात आणला. सालीतील तेलामुळे तांबूस तांदळाला लवकर खवट वास येतो व कीड लागते. पांढरा तांदूळ मात्र गोदामात आणि जहाजात महिनोन्‌महिने टिकतो. व्यापाऱ्याला तो सोयीचा होता, सरकारी कोठारांना सोयीचा होता. आणि खाणाऱ्यालाही तो आवडला, कारण पूर्वी केवळ श्रीमंताच्या पानात दिसणारा शुभ्र भात आता हमालालाही परवडू लागला.

त्याच्यामागोमाग बेरीबेरी आली. हा रोग नवा नव्हता. चीन व जपानमध्ये तो शतकानुशतके ठाऊक होता. जपानच्या राजधानीचे जुने नाव एदो. एदोत राहावयास आलेल्या सरदारांना व त्यांच्या सेवकांना तो जडे आणि खेडेगावी परत गेल्यावर बरा होई, म्हणून लोक त्याला 'एदोचा आजार' म्हणत. एदोत पांढरा भात मिळे आणि खेड्यात मिळत नसे, हे त्या नावामागचे इंगित त्या काळी कोणी ओळखले नव्हते. रोगाची सुरुवात पायांपासून होई. पाय जड व बधिर होत, पोटऱ्या दुखत, चालताना पाऊल लटपटे. काहींचे स्नायू झिजून अंगाची काडी होई. काहींच्या अंगावर सूज चढे व एके दिवशी हृदय अकस्मात बंद पडे. अंगावर पिणाऱ्या मुलांना तो आईच्या दुधावाटे गाठी. आई वरवर धडधाकट दिसे. पण तिच्या दुधात सत्त्व नसे. मूल दूध टाकी, त्याचा आवाज बसे, आणि तोंड रडण्याचे पण कंठातून स्वर नाही, अशा अवस्थेत काही तासांत ते दगावे.

या रोगाशी पहिला यशस्वी सामना जपानी नौदलाने दिला. ताकाकी कानेहिरो हा नौदलातील डॉक्टर १८७५ ते १८८० या काळात लंडनमध्ये शिकून परतला होता. इंग्रजी आरमारात बेरीबेरी नाही आणि आपल्या आरमारात ती दरसाल शेकडो खलाशांना लोळविते, हे पाहून त्याची दृष्टी अन्नाकडे वळली. १८८२ च्या अखेरीस 'र्‍युजो' नावाचे शिक्षणनौकेचे काम करणारे जहाज न्यूझीलंड व दक्षिण अमेरिकेच्या सफरीवर निघाले. त्यावरील ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाली व २५ जण मरण पावले. होनोलुलूला पोहोचल्यावर अन्न बदलले, तेव्हा कोठे उरलेले खलाशी सावरले. ताकाकीने सरकारचे मन वळविले आणि १८८४ साली 'त्सुकुबा' हे दुसरे जहाज त्याच मार्गाने धाडले. या वेळी भाताचे प्रमाण कमी करून मांस, दूध, पाव व भाजीपाला दिला. सफर संपली तेव्हा रोग्यांची संख्या विसाच्या आत होती व मृत्यू एकही नव्हता. पुढे नौदलाच्या भातात सातू मिसळण्यात आला आणि थोड्याच वर्षांत तेथून बेरीबेरी जवळजवळ नाहीशी झाली.

ताकाकीचा उपाय बरोबर होता. कारण मात्र चुकले होते. अन्नात मांसवर्धक द्रव्ये, म्हणजे प्रथिने, कमी पडल्याने हा रोग होतो, असे त्याचे मत होते. ते मत तर्काच्या कसोटीला पुरते उतरत नाही, हे जपानच्या भूदलातील विद्वान डॉक्टरांनी हेरले. त्यांचे शिक्षण जर्मनीतले. रोग जंतूंपासूनच व्हावयाचा, अशी त्यांची ठाम समजूत. पुढे जपानी साहित्यात श्रेष्ठ लेखक म्हणून नाव मिळविलेला मोरी ओगाई हाही भूदलात डॉक्टर होता, आणि तो पांढऱ्या भाताच्या बाजूने उभा राहिला. त्यातच शेतकऱ्याघरच्या तरुणाला सैन्यात भरती होताना पांढऱ्या भाताचे मोठे अप्रूप वाटे. घरी सातू-कदान्न खाणाऱ्या मुलाला देशासाठी मरावयास पाठवीत असता पांढरा भातही देऊ नये काय, अशी त्यामागे एक ममतेची भावना होती. त्या ममतेची किंमत १९०४-०५ च्या रशियाबरोबरच्या युद्धात मोजावी लागली. दोन लाखांहून अधिक जपानी सैनिक बेरीबेरीने आजारी पडले आणि सुमारे २७,००० मरण पावले. आपलेच नौदल वीस वर्षांपूर्वी या रोगातून मुक्त झालेले असताना हे घडले.

याच सुमारास जावा बेटात दुसरा धागा हाती लागला होता. क्रिस्तियान आयकमन हा डच डॉक्टर बाटाव्हिया येथे, म्हणजे आजच्या जकार्तात, बेरीबेरीचे जंतू शोधीत होता. त्यासाठी त्याने कोंबड्या पाळल्या होत्या. १८८९ साली त्या कोंबड्यांना एकाएकी चालता येईना. त्या लटपटू लागल्या, पडू लागल्या. ज्यांना रोगाची लस टोचली होती त्या पडल्या, आणि ज्यांना टोचली नव्हती त्याही पडल्या. मग जशा आजारी पडल्या तशा काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. आयकमनने चौकशी केली. प्रयोगशाळेतील नोकर काटकसर म्हणून काही काळ लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात कोंबड्यांना घालीत होता. पुढे तेथे नवा आचारी आला. लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना का म्हणून द्यावयाचा, असे म्हणून त्याने तो बंद केला. कोंबड्या पुन्हा स्वस्त तांबूस तांदळावर आल्या आणि उठून चालू लागल्या. एका आचाऱ्याच्या शिस्तप्रियतेने वैद्यकशास्त्राला नवी दिशा दाखविली, असे म्हणावयास हरकत नाही.

जे कोंबड्यांना लागू तेच माणसांना लागू आहे काय, हे पाहण्याची संधी जावातील तुरुंगांनी दिली. तेथे कैद्यांना त्या त्या भागातील रीतीप्रमाणे कोठे सालीचा, कोठे पांढरा तांदूळ मिळे. फोर्डरमान या आरोग्याधिकाऱ्याने १८९६ च्या सुमारास १०१ तुरुंगांतील जवळजवळ २,८०,००० कैद्यांची माहिती गोळा केली. सालीचा तांदूळ मिळणाऱ्या तुरुंगांत दहा हजार कैद्यांमागे एकाला बेरीबेरी होती; पांढरा तांदूळ मिळणाऱ्या तुरुंगांत एकोणचाळीस कैद्यांमागे एकाला. इतका स्पष्ट आकडा समोर असतानाही आयकमन स्वतः बराच काळ असे मानीत होता की, पांढऱ्या भातात काही विष असावे व कोंड्यात त्याचा उतारा असावा. गेरिट ग्राइन्स या त्याच्या उत्तराधिकाऱ्याने १९०१ साली निराळा अर्थ लावला. विष कोठेच नाही. मज्जातंतूंना लागणारे काहीतरी अन्नात असावयास हवे, आणि ते नसल्यामुळे रोग होतो, असे त्याने म्हटले. हे 'काहीतरी' कोंड्यात आहे तसेच मुगातही आहे, हेही त्याने दाखविले. अन्नात काही असल्यामुळे रोग होतो, हे जगाला समजत होते. काही नसल्यामुळेही रोग होतो, हे कळावयास एवढी वर्षे लागली.

या शोधात भारतीय माणसाचा, किंबहुना भारतीय स्वयंपाकघराचा, संबंध येतो तो मलायात. तेथे कथिलाच्या खाणींत चिनी मजूर व रबराच्या मळ्यांत तमिळ मजूर मोठ्या संख्येने काम करीत. हवा तीच, कष्ट तसेच, दारिद्र्यही सारखेच; पण बेरीबेरीने मरत ते चिनी मजूर. तमिळ मजुरांना ती क्वचितच होई. ब्रॅडन या डॉक्टराने वर्षानुवर्षे हे पाहिले आणि १९०७ साली त्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. चिनी मजूर सयामच्या गिरणीतील पांढरा कच्चा तांदूळ खात. तमिळ मजूर आपल्या गावच्या सवयीप्रमाणे उकडा तांदूळ मागून घेत. गरिबीत समुद्र ओलांडून गेलेल्या या माणसांनी सामान फारसे नेले नव्हते. पण आजीची भात उकडण्याची रीत बरोबर नेली होती आणि तिने त्यांना तारले.

क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात फ्लेचर या डॉक्टराने १९०५-०६ साली याची प्रत्यक्ष परीक्षा घेतली. त्याने रुग्णांचे दोन गट केले. कच्चा पांढरा तांदूळ खाणाऱ्या १२० जणांपैकी ३६ जणांना बेरीबेरी झाली व १८ जण मेले. उकडा तांदूळ खाणाऱ्या १२३ जणांत रोगी दोनच निघाले, आणि ते दोघेही रोग घेऊनच दाखल झालेले होते. आजच्या विचाराने पाहता, स्वतःची संमती देऊ न शकणाऱ्या रुग्णांवर असा प्रयोग करणे मनाला बोचते. त्या अठरा जणांची नावे कोणी लक्षात ठेवलेली नाहीत. पण उकड्या तांदळाची महती ज्या पुराव्याने सिद्ध झाली, त्यात त्यांचे प्राण आहेत, हे विसरता कामा नये.

उकड्यात नेमके काय घडते, ते पुढे स्पष्ट झाले. भात तुसासकट भिजविले व उकडले, की सालीतील पाण्यात विरघळणारे सत्त्व दाण्याच्या आत झिरपते. त्याच वेळी आतला पिठूळ भाग उष्णतेने घट्ट बसतो. मग वरची साल गिरणीने घासून काढली तरी आत शिरलेले सत्त्व तेथेच राहते. भारतीय आहारशास्त्रज्ञांच्या कोष्टकांत हे आकड्यांनी मांडलेले आहे. शंभर ग्रॅम कच्च्या गिरणीच्या तांदळात थायमिन ०.०६ मिलिग्रॅम, हातसडीच्या कच्च्या तांदळात ०.२१, उकड्या तांदळात, तो गिरणीतून काढला असला तरी, ०.२१, आणि हातसडीच्या उकड्यात ०.२७. प्रौढ मनुष्याला दिवसाकाठी एक मिलिग्रॅमहून थोडे अधिक थायमिन लागते. अर्धा किलो पांढरा तांदूळ खाणाऱ्या श्रमिकाला त्यातून ०.३ मिलिग्रॅम मिळणार. तेवढाच उकडा खाणाऱ्याला एक मिलिग्रॅमच्या वर. एकाच्या ताटात रोग आणि दुसऱ्याच्या ताटात आरोग्य का असते, ते या हिशेबावरून दिसते.

कासिमीर फुंक या पोलिश शास्त्रज्ञाने लंडनमध्ये काम करीत असता १९१२ साली अशा द्रव्यांना 'व्हिटॅमिन' हे नाव सुचविले. १९२६ साली जावातच यान्सेन व डोनाथ यांनी शेकडो किलो कोंड्यातून या सत्त्वाचे चिमूटभरही न भरणारे शुद्ध स्फटिक वेगळे केले. त्याची रासायनिक घडण उलगडून ते कृत्रिम रीतीने तयार केले रॉबर्ट विल्यम्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने, १९३६ साली. विल्यम्सचा जन्म आपल्याकडचा, नेल्लोरचा. त्याचे आईवडील तेथे मिशनरी होते. १९१० साली मनिला येथे व्हेडर या लष्करी डॉक्टराने त्याच्या हाती कोंड्याच्या अर्काची बाटली देऊन, यात काय आहे ते शोध, असे सांगितले होते. त्या अर्काचे थेंब पोटात जाताच मरणोन्मुख अर्भके काही तासांत पुन्हा दूध ओढू लागत व रडू लागत. बाटलीतील ते द्रव्य ओळखावयास त्याला सव्वीस वर्षे लागली. आयकमनला १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि पुढच्याच वर्षी तो निवर्तला.

भारतात या विषयाचे पद्धतशीर संशोधन १९१८ साली निलगिरीतील कुन्नूर येथे सुरू झाले. तेथील पाश्चर संस्थेच्या एका खोलीत रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरीच्या चौकशीसाठी लहानशी प्रयोगशाळा थाटली. तिचीच वाढ होऊन ती पुढे हैदराबादला गेली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाते. मॅककॅरिसन यांनी पांढऱ्या उंदरांचे गट करून प्रत्येकाला भारतातील एकेका समाजाचा नेहमीचा आहार दिला. पूर्ण गव्हाची चपाती, दूध, लोणी, डाळ व हिरवी भाजी असा शिखांचा आहार मिळालेले उंदीर सर्वांत सुदृढ निघाले. मराठ्यांच्या आहारावरचे उंदीर त्यांच्या फारसे मागे नव्हते. घासलेला तांदूळ, आणि जोडीला दूध, डाळ व भाजी बेताचीच, असा दक्षिणेतील गरिबांचा आहार मिळालेले उंदीर सर्वांत किरकोळ राहिले. या प्रयोगावरून काहींनी समाजासमाजांची प्रतवारी लावली. ती चूक होती. उंदीर सारे एकाच जातीचे होते. फरक होता तो ताटातला, आणि ताट बहुधा खिशावर ठरते.

१९३५ साली कुन्नूरची सूत्रे वॉलेस एक्रॉइड यांच्याकडे आली. त्यांनी त्यापूर्वी कॅनडाजवळच्या न्यूफाउंडलंड बेटावर, हिवाळाभर मैद्याच्या पांढऱ्या पावावर जगणाऱ्या कोळ्यांमध्ये बेरीबेरी पाहिली होती. पांढरेपणाचा दोष एकट्या तांदळाचा नाही, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी मद्रास इलाख्याची पाहणी केली. तमिळ जिल्ह्यांत बेरीबेरी विरळ होती आणि उत्तरेच्या तेलुगू किनारपट्टीत, गोदावरी-कृष्णेच्या सुपीक खोऱ्यांत, ती ठाण मांडून बसली होती. हे खोरे काही दुष्काळी नव्हे. भाताचे ते कोठारच. पण तेथील लोक उकडा खात नसत. गिरण्या येईपर्यंत कच्चा तांदूळ घरी सडला जाई तोवर निभावले. गिरण्या आल्यावर तोच तांदूळ घातक ठरला. त्या भागात तान्ह्या मुलांचे मृत्यू पहिल्या काही महिन्यांत का वाढतात, याचेही उत्तर त्यांना तेथेच सापडले. ज्वारी-बाजरीची भाकरी खाणाऱ्या दख्खनच्या पठारावर हा रोग घर करू शकला नाही. कारण भाकरीचे पीठ दाण्याच्या सालीसकट दळले जाते.

गिरणीचा तांदूळ तोवर राष्ट्रीय चर्चेचा विषय झालेला होता. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. मगनवाडीतून जे. सी. कुमारप्पा यांनी हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, गूळ व घाणीचे तेल यांचा पुरस्कार केला आणि गांधीजींनी 'हरिजन' पत्रातून त्यावर लेख लिहिले. गांधीजींच्या दृष्टीने गिरणीत धान्याचे सत्त्व जाई आणि खेड्यातल्या हातांचे कामही जाई; हे दोन्ही तोटे एकच होते. १९४२ साली पुण्याच्या आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध असता त्यांनी आरोग्यावर जे पुस्तक लिहावयास घेतले, त्यातही पीठ चाळून कोंडा टाकू नये असा आग्रह आहे. स्वातंत्र्यानंतर १९५८ साली भाताच्या गिरण्यांचे नियमन करणारा कायदा झाला. हातसडीला आधार मिळावा हा त्याचा एक हेतू होता. १९९७ साली तो रद्द करण्यात आला. मध्यंतरीच्या काळात गिरण्या कमी झाल्या नाहीत. उखळे मात्र अंगणातून नाहीशी झाली.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. उखळ गेले याचे दुःख ज्यांनी मुसळ हाती धरले नाही त्यांनाच अधिक होते. पहाटेच्या काळोखात उठून घरच्या दहा-बारा माणसांचे भात कांडणे हे काम जिच्या वाट्याला येई, तिच्या हातांना घट्टे पडत व खांदे भरून येत. त्या कष्टांतून गिरणीने तिला सोडविले, हा गिरणीचा उपकार खरा आहे. तेव्हा पुन्हा उखळाकडे चला असे सांगून हा प्रश्न सुटणारा नव्हता आणि सुटलाही नाही. उकड्या तांदळाचे मोल याच ठिकाणी कळते. त्यात यंत्राचा उपयोगही होतो आणि सत्त्वही राहते. गिरणी वापरूनही दाण्याचे रक्षण करणारी युक्ती आपल्या पूर्वजांनी गिरणीच्या कितीतरी आधी शोधून ठेवली होती. ती त्यांनी का शोधली, हे सांगता येत नाही. बहुधा पावसाळी हवेत भात टिकावे व कांडताना कणी कमी पडावी, एवढाच हेतू असेल. जीवनसत्त्वाचे नावही त्यांना ठाऊक नव्हते.

सत्त्वाची गळती गिरणीत संपत नाही. ती घरातही चालू राहते. पांढरा तांदूळ चारचार पाण्यांनी चोळून धुतला, तर त्यात जे काही थायमिन उरलेले असते, त्यातील निम्म्याच्या आसपास धुवणाबरोबर जाऊ शकते. उकडा तांदूळ धुतल्याने तितका निःसत्त्व होत नाही. भात भरपूर पाण्यात शिजवून, वेळून, वरचे पाणी ओतून दिले, तर उरलेल्यातलाही बराच भाग त्या पाण्यात जातो. शिजण्यास वेळ लागतो म्हणून डाळीत किंवा कडधान्यात सोडा टाकला, तर क्षारामुळे ते सत्त्व नष्टच होते. जुन्या घरांतून भात वेळीत हे खरे. परंतु वेळलेली पेज मीठ घालून मुलांना व कामकऱ्यांना प्यावयास देत, आणि धुवण म्हशीच्या पुढे ठेवीत. पेज पिण्याची सवय गेली आणि वेळण्याची तेवढी राहिली, म्हणजे जुन्या रीतीचा अर्धा भाग टिकला आणि तोच नेमका तोट्याचा निघाला. आटोपशीर पाण्यात, झाकण ठेवून, पाणी जिरेपर्यंत शिजविलेला भात. जोडीला मुगाची किंवा मटकीची उसळ, एखादी पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, ताकाची वाटी. एवढ्याने ग्राइन्सने जे मुगात पाहिले ते कोणत्याही घराला साधता येते. त्यासाठी श्रीमंती लागत नाही.

आज भारतात पूर्वीसारखी बेरीबेरी दिसत नाही. ताटात भाताबरोबर डाळ, गहू व भाजी आली, औषध स्वस्त झाले, आणि ज्यांनी कुन्नूरच्या खोलीत उंदीर मोजले त्यांचे काम सार्थकी लागले. तरीही हा इतिहास पूर्णपणे मिटलेला नाही. अगदी अलीकडच्या काळातही काश्मीर खोऱ्यातील डॉक्टरांना अंगावर पिणारी बाळे अकस्मात अत्यवस्थ होऊन आलेली आढळली आणि थायमिनच्या सुईने ती वाचली. घासलेला व वारंवार धुतलेला तांदूळ आणि सोडा घालून उकळलेला चहा, हा त्यांच्या आयांचा नेहमीचा आहार होता. १५ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र सरकारने सरकारी योजनांतील तांदळात लोह, फॉलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व मिसळण्याचा कार्यक्रम जाहीर केला. शहरातल्या दुकानांतून सालीचा तांबूस तांदूळ पांढऱ्याहून महाग विकला जातो. जो तांदूळ एके काळी पाहुण्यापुढे ठेवावयास लाज वाटे, तो आता आरोग्याची आवड असणाऱ्या धनिकाच्या ताटात आला. आणि ज्याच्यासाठी तो सर्वांत आवश्यक, त्या गरिबाच्या ताटात पांढरा भात स्थिरावला.

कोकणातल्या एखाद्या घरी अजूनही सकाळी उकड्या तांदळाची पेज चुलीवर शिजत असते. वाडग्यात ती घट्ट, तांबूस आणि गरम येते. वर चिमूटभर मीठ, बाजूला लोणच्याची फोड. त्या वाडग्यासाठी जपानी खलाशांनी, जावाच्या कैद्यांनी, क्वालालंपूरच्या रुग्णांनी आणि गोदावरीकाठच्या तान्ह्या बाळांनी जी किंमत मोजली, ती पेज पिणाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. पण पांढऱ्या भातासाठी ती पेज सोडून देण्यापूर्वी मात्र ती त्याला ठाऊक असावी.